मदत हवी आहे: मुंबईहून एकटीनं, एका दिवसात, समुद्राकाठच्या रस्त्यानं गाडी चालवायची आहे

लाटरेषा:

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरली की मधल्या वारी एक दिवस काढून मला एकटीनं गाडी घेऊन समुद्राकाठानं फिरायचं आहे. मुक्काम नाही. किल्ला चढायचा नाही, बोटिंग नाही, "इथे गेलात तर हे बघाच" अशी यादीही नको. गाडी चालवायची, समुद्र दिसत राहिला पाहिजे, वाटलं तिथं थांबायचं, जेवायचं, अंधार पडायच्या सुमारास परतीला लागायचं. एवढंच.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. वय ५४, राहायला गोरेगाव पूर्व. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ऑटोमॅटिक. शहरात रोज चालवते, एक्सप्रेसवेनं पुण्याला एकटी जाऊन येते, त्यामुळे चालवण्याची भीती नाही. मात्र अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली आणि मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असल्या की अजून जीव दडपतो. फेरीबोटीवर गाडी कधी चढवलेली नाही.

घरचे विचारतात, एकटी कशाला, आम्ही येतो की. त्यांचं चुकत नाही. पण मला खरोखर एकटीलाच जायचं आहे. गाडीत चारजण असले की कुणाला तरी एसी हवा असतो, कुणाला खिडकी उघडी, कुणाला चहा, आणि लक्ष सगळं त्यांच्याकडे जातं. मला एक दिवस लक्ष रस्त्याकडे आणि पाण्याकडे द्यायचं आहे. गाडी चालवणं मला मनापासून आवडतं, आणि मुंबईत ते आवडीनं करायला मिळत नाही.

मी नकाशावर बरंच डोकं घातलं आहे. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, मांडवा आणि पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, जमलं तर मुरूड. दुसरी, उत्तरेला डहाणू-बोर्डी. नकाशावर दोन्हीकडे रस्ता किनाऱ्याला चिकटून दिसतो, पण नकाशाचा भरवसा किती धरायचा? मागे एकदा शेजाऱ्यांबरोबर अलिबागला गेलो होतो तेव्हा सगळ्या रस्त्यात समुद्र म्हणून दिसलाच नाही, वाड्यांच्या भिंती आणि रिसॉर्टच्या पाट्याच दिसल्या. म्हणून ज्यांनी स्वतः गाडी चालवली आहे त्यांना विचारते:

समुद्र रस्त्यावरून नेमका कुठून कुठपर्यंत दिसतो? सकाळी सहाला निघून रात्री नऊपर्यंत घरी, एवढ्या वेळात धावपळ न होता काय जमेल? रो-रोवर गाडी चढवताना काय करायचं असतं? आणि एकट्या बाईनं कुठं थांबावं, कुठं थांबू नये, स्वच्छतागृहाची सोय कुठं आहे, हेही स्पष्ट सांगा. बायकांनी सांगितलं तर जास्तच बरं.

सुकेळी:

ताई, मी वसईची, त्यामुळे उत्तरेची बाजू मांडते.

डहाणू-बोर्डीचा रस्ता सुंदरच आहे. डहाणूहून बोर्डीपर्यंत साधारण सतरा किलोमीटर एका बाजूला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. इथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या सतरा किलोमीटरसाठी गोरेगावहून सव्वाशेच्या आसपास किलोमीटर महामार्ग तुडवायचा, तेवढाच परत यायचा, आणि घोडबंदर ते विरार फाट्यापर्यंत कंटेनरांच्या मधोमध. तुम्हाला जे हवंय त्यात ते बसत नाही. बोर्डीला मुक्काम करूनच जावं.

त्याऐवजी दोन खाड्या बोटीनं ओलांडून जायची एक वाट आहे, ती फारजणांच्या लक्षात येत नाही. भाईंदर पश्चिमेहून वसई किल्ल्याच्या धक्क्यापर्यंत फेब्रुवारी २०२४ पासून रो-रो चालू आहे. महामार्गावर न जाता पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही वसई गावात. तिथून गिरीज, भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा. पुढे विरार पश्चिमेला नारंगीजवळच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या बाजूला जलसारला जाणारी दुसरी रो-रो एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. रस्त्यानं गेलात तर वैतरणेला मोठा वळसा घालावा लागतो, बोटीनं पलीकडचा काठ समोरच दिसतो. उतरल्यावर एडवण, उसरणी करत केळवे.

आता खरं तेच सांगते. या रस्त्यावर सतत समुद्र दिसत नाही. वाड्या, चर्च, तळी, केळीच्या बागा, मिठागरं, आणि मधूनच डावीकडे एखादी गल्ली थेट वाळूत उतरलेली. भुईगाव आणि कळंबला अशा गल्ल्यांतून जाऊन पाहा, मधल्या वारी कुणी नसतं. केळव्याला मात्र सुरूच्या बनात गाडी लावून तासभर बसता येतं, शीतलादेवीच्या देवळाजवळ माणसांचा वावर असतो, एकटं वाटत नाही. गोरेगावहून हा सगळ्यात कमी थकवणारा दिवस आहे. आणि येताना आगाशी किंवा वसईच्या बाजारातून सुकेळी घ्या. राजेळी केळी उन्हात वाळवून, पानात बांधून विकतात. माझ्या नावातच आहेत, तेव्हा आग्रह समजा.

तिसरा गिअर:

एकट्यानं जाण्यात मजा नाही. आमचा ग्रुप दर महिन्याला काशीदला जातो, त्यात या.

सुकेळी:

त्यांनी एकटीनं का जायचं ते नीट लिहिलं आहे. त्यावर उत्तर देऊ या.

खाडीपलीकडे:

मी मूळचा रेवदंड्याचा, नोकरीनिमित्त मुंबईत. हा रस्ता सगळ्या ऋतूंत चालवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मांडव्याहून अलिबाग साधारण वीस किलोमीटर, तिथून रेवदंडा अजून सतरा-अठरा, आणि या सगळ्या पट्ट्यात समुद्र रस्त्यावरून दिसत नाही. किहीम, थळ, वरसोली, आक्षी, नागाव, चौल, प्रत्येक गावाला सुरेख किनारा आहे, पण रस्ता आणि किनारा यांच्यामध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाड्या आधीच्या आहेत, रस्ता नंतरचा, त्यामुळे तो वाड्यांच्या मागून जातो. हा पट्टा वाईट नाही. विशेषतः नागाव ते चौल सकाळच्या वेळी रस्त्यावर झाडांची सावली असते. रेवदंड्याला तर रस्ता पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो. पण समुद्र हवा असेल तर इथं तो शोधत बसू नका, पुढे चला.

रेवदंड्याची खाडी पुलानं ओलांडून साळावला उतरलात की खरा रस्ता सुरू होतो. कोर्लई गाव मागे पडल्यावर रस्ता पाण्याला येऊन भिडतो तो बोर्ली, बार्शिव, काशीद, नांदगाव करत मुरूडपर्यंत बहुतेक भिडलेलाच राहतो. मध्ये मध्ये टेकडीवर चढतो, झाडीत शिरतो आणि वळण संपलं की पुन्हा खाली पाणी. डाव्या हाताला फणसाडच्या अभयारण्याचे डोंगर. मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्याजोगा याच्या तोडीचा पट्टा मला माहीत नाही. याच्याहून सरस म्हणजे दिवेआगर ते श्रीवर्धनमधला आरावी-शेखाडीचा रस्ता, पण तो एका दिवसात आरामात होत नाही, त्याचा विचार आता करू नका.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि समुद्र पश्चिमेला. म्हणजे दक्षिणेला जाताना समुद्र तुमच्या उजव्या हाताला, मध्ये समोरून येणारी वाहतूक. थांबायचं तर रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागतं, आणि या रस्त्यावर वळणं आंधळी आहेत. उत्तरेला परत येताना समुद्र डावीकडे, अगदी तुमच्या कडेला. नुसता इंडिकेटर देऊन बाजूला घेतलं की झालं. म्हणून जाताना कुठंही न रेंगाळता सरळ नांदगावपर्यंत जा. जिथं जिथं थांबावंसं वाटेल ती जागा जाताना हेरून ठेवा, आणि थांबे सगळे परतीच्या वाटेवर घ्या. बहुतेक लोक जाताना थांबत थांबत जातात आणि परतताना घाईत हाच रस्ता संपवतात. नेमकं उलट करा.

मुरूड शहरात शिरूच नका. मुरूडच्या अलीकडे नवाबाचा वाडा टेकडीवर दिसतो, तो खाजगी आहे, रस्त्यावरूनच बघायचा. तिथून मागे फिरा. जंजिऱ्यासाठी राजपुरीला गेलात तर बोटीच्या रांगेतच अर्धा दिवस जातो.

ओहोटी:

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. डावी-उजवीचा मुद्दा फार मोलाचा आहे. लाटरेषाताई, तुमच्या बाबतीत तो मुंबईतही लागू होतो. गोरेगावहून भाऊच्या धक्क्याला तुम्ही सी लिंक आणि किनारी मार्गानं जाल. जाताना समुद्र पलीकडच्या बाजूला. संध्याकाळी परतताना मरीन ड्राइव्हवरून मलबार हिलखालच्या बोगद्यात शिराल, दोन किलोमीटरचा बोगदा संपला की प्रियदर्शिनी पार्कपाशी बाहेर पडाल, आणि वरळीपर्यंत पाणी तुमच्याच बाजूला. किनारी मार्गावर गाडी थांबवायला मनाई आहे आणि वेगावर कॅमेऱ्यांची नजर असते, सरळ रस्त्यावर ८०, बोगद्यात ६०. शांतपणे डाव्या लेननं चाला.

दुसरं, भरती-ओहोटी बघून दिवस ठरवा. त्यासाठी ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरे. आमच्याकडे कोळी आणि वाडीवाले अजूनही तिथीवरून हिशेब करतात: तिथीला तिनानं गुणा आणि चारानं भागा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे भरती. दोन्ही पंधरवड्यांना हाच हिशेब. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण दिवस ठरवायला चालतं.

याचा उपयोग असा. अष्टमीच्या आसपास दुपारी गेलात तर पाणी मागे गेलेलं, ओल्या वाळूवरून लांब चालता येईल, पण रस्त्यावरून समुद्र थोडा दूर वाटेल. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत दुपारी एक-दोनला पाणी भरलेलं असतं, खडकांवर लाटा फुटत असतात, आणि तुम्ही परतीला लागाल तेव्हा ओहोटी सुरू. तुम्हाला गाडीतून पाणी बघायचं आहे, तर माझं मत हे दुसरं. आणि काही झालं तरी गाडी वाळूत नेऊ नका. कोरडी वाळू वरून घट्ट दिसते, चाक खाली रुततं, आणि मग भरतीशी शर्यत. स्थानिक पोरं "या या, घट्ट आहे" म्हणतील, तरी नाही.

लाटरेषा:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सुकेळीताई, तुमची दोन बोटींची वाट मी वेगळ्या दिवसासाठी लिहून ठेवली आहे, ती करणार हे नक्की. पण या वेळी खाडीपलीकडे यांच्या पट्ट्यावर मन बसलं आहे. परतीला थांबे घ्यायची कल्पना मला सुचलीच नसती.

आता राहिलेल्या शंका. रो-रोवर चढवण्याचं कुणी सांगितलं नाही. जेवण कुठं? आणि सूर्यास्त कोर्लईच्या रस्त्यावर बघून निघाले तर चालेल का? नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे अलिबागला सात-साडेसात होतील.

शिंपला:

मी बाई आणि एकटीनं या रस्त्यावर नेहमी जाणारी, म्हणून बोलते.

रो-रोची धास्ती घेऊ नका. मांडव्याची बोट मोठी आहे. धक्क्यावर गाड्या रांगेत उभ्या करतात, खलाशी हातानं खुणा करत एकेक गाडी आत घेतात. त्या माणसाच्या हाताकडे बघायचं, आरशाकडे नाही. ऑटोमॅटिक असल्यामुळे तुम्हाला उलट सोपं आहे: रॅम्पवर किंचित ॲक्सिलरेटर, आत सपाटीला आल्यावर पाय ब्रेकवर अलगद ठेवून गाडी रांगू द्यायची. तो थांबा म्हणाला की पी मध्ये टाकून हँडब्रेक, इंजिन बंद. पुढच्या गाडीत आणि तुमच्यात वीतभर अंतर राहतं, ते बघून घाबरायला होतं, पण त्यांचा हात बसलेला असतो. मग पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन वर जायचं. तासाभराचा प्रवास आहे, बंदरातली मोठी जहाजं जवळून दिसतात. उतरताना सगळे एकदम गाड्या चालू करतात, धूर होतो, काचा बंद ठेवा. सकाळी भाऊच्या धक्क्याच्या वाटेवर मासळीचे टेम्पो आडवेतिडवे असतात, त्यासाठी वीस मिनिटं हाताशी ठेवा.

स्वच्छतागृह: मांडवा जेट्टीवर उतरल्यावर लगेच जाऊन घ्या. पुढे अलिबागच्या बाहेर पेट्रोल पंपावर. तिथंच टाकी भरा, कारण रेवदंड्यापुढे पंप शोधत बसायला नको. काशीदला जेवायच्या ठिकाणी तिसरी सोय.

जेवण: मधल्या वारी काशीद-नांदगावच्या बऱ्याच खानावळी ऑर्डरशिवाय चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी फोन करून एका माणसाचं ताट सांगून ठेवा. एका माणसासाठी नाही म्हणत नाहीत. सुरमई किंवा बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. घरगुती ठिकाण निवडलंत की घरातल्या बायका तुमची विचारपूस करतात, गाडी अंगणात सावलीत लावू देतात, आणि मला तरी तिथं हॉटेलपेक्षा निवांत वाटतं. पोपटीची, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची, विचारणा मात्र आत्ता करू नका, त्या शेंगा डिसेंबर-जानेवारीत भरतात.

थांबण्याबद्दल माझा साधा नियम आहे. जिथं शहाळंवाला, चहाची टपरी किंवा जाळी विणत बसलेली माणसं आहेत तिथं खुशाल उतरायचं. जिथं फक्त दोन मोटरसायकली आणि बाटल्या दिसतात तिथं उतरायचं नाही, दृश्य कितीही सुंदर असो. बोर्लीला होड्या लागतात, तिथं गावकऱ्यांचा वावर असतो, मी बहुतेक तिथंच बसते. काशीदच्या किनाऱ्यावर पाय ओले करा, पण पाण्यात शिरू नका. तिथं लाटांचा ओढा जोरदार आहे आणि एकट्या माणसाला ओढलं तर हाक ऐकायला कुणी नाही. फोनची रेंज फणसाडच्या बाजूला मधून मधून जाते, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. घरी कुणाला तरी फक्त तीन निरोप द्यायचे ठरवा: मांडव्याला उतरल्यावर, परत फिरल्यावर, बोटीत बसल्यावर. अडचण आलीच तर ११२ सगळीकडे लागतो.

सूर्यास्ताला मात्र माझा स्पष्ट नकार. तुम्हीच लिहिलंत की अरुंद रस्त्यावर एसटी आली की दडपण येतं. कोर्लई ते अलिबाग अंधारात म्हणजे समोरून प्रखर दिवे, कडेला पांढरी रेघ नाही, रस्त्यात गुरं. दिवसभराचं समाधान त्या तासाभरात उतरून जाईल. साडेचारला साळावचा पूल मागे टाका. आक्षीपर्यंत ऊन तिरपं होईल, अंधार पडायच्या आत अलिबागच्या पुढे निघालेल्या असाल, आणि संध्याकाळची बोट आरामात मिळेल.

खाडीपलीकडे:

शिंपला यांच्याशी सहमत. साळावचा पूल उजेडातच ओलांडा. रेवदंड्याच्या बाजारात संध्याकाळी रस्ता तुंबतो, तिथं पंधरा मिनिटं जास्तीची धरा.

बोटीचं तिकीट जाण्या-येण्याचं आधीच ऑनलाइन काढून ठेवा, गाडीची जागा मोजकी असते. हवा बिघडली किंवा बोट रद्द झाली तर गोंधळून जाऊ नका: अलिबागहून पोयनाड, वडखळ, पेण, मग अटल सेतूनं शिवडी. सेतू जवळजवळ बावीस किलोमीटर आहे, त्यावर थांबायला मनाई आणि गाडीला १०० ची मर्यादा. अलिबाग-वडखळ रस्ता शनिवार-रविवारी रखडतो, मधल्या वारी बरा चालतो.

घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. खारा वारा आणि बोटीवरचं पाणी, दोन्हींनी गंज धरतो.

लाटरेषा:

सूर्यास्ताचा हट्ट सोडला. परतताना किनारी मार्गावर निदान समुद्र माझ्या बाजूला असेल, हे आता कळलं आहे.

कालनिर्णय घेऊन बसले होते. त्रिपुरी पौर्णिमेनंतरची द्वितीया धरली, दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. म्हणजे दीड वाजता भरती, तेव्हा मी नांदगावला जेवत असेन, आणि परतीला लागेपर्यंत खडकांवर पाणी असेल. बरोबर ना, ओहोटी? सकाळची पहिली बोट, साडेचारला साळाव, संध्याकाळची बोट. मुरूड नाही, जंजिरा नाही. जेवणाचा फोन आदल्या दिवशी करते.

ओहोटी:

अगदी बरोबर. फक्त जेवण साडेबाराला सांगा, दीडला नको. भरती पूर्ण असताना तुम्ही ताटावर नको, बार्शिवच्या वळणावर हव्यात.